सासूबाई, इंधन आणि साडेअकरा हजार किलोमीटर

माझं काम काय आहे हे कळलं की माणसं मला दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "स्वस्तात तिकीट मिळेल का?" दुसरा, "कॅनडा इथून नक्की किती लांब आहे हो?" पहिल्याला मी सरळ नाही म्हणते. दुसऱ्याला विचारते, "आज का उद्या?"

समोरचा हसतो. मी हसत नाही. हातातली प्लेट खाली ठेवते, पदर खोचते आणि जेवणाच्या टेबलावरचं एक संत्रं उचलते. हे बघितलं की माझे यजमान विलासराव तिथून हळूच काढता पाय घेतात, कारण यानंतर किमान वीस मिनिटं मी थांबत नाही हे त्यांना पाठ झालं आहे.

मी फ्लाइट डिस्पॅचर आहे. विमान वैमानिक चालवतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते कुठल्या वाटेनं जाईल, किती उंचीवरून जाईल आणि पोटात किती इंधन घेऊन जाईल, हे जमिनीवर बसलेलं कुणीतरी ठरवतं आणि त्या कागदावर सही करतं. मग वैमानिक तो कागद वाचतो, पटला तर सही करतो, नाही पटला तर भांडतो. दोन सह्या झाल्याशिवाय विमान हलत नाही. त्यातली पहिली सही मी सव्वीस वर्षं करते आहे, गुरुग्रामच्या एका काचेच्या इमारतीत, खिडकी नसलेल्या खोलीत. जन्मभर आकाशाचा कारभार केला, आणि कामावर असताना आकाश कधी दिसलं नाही. पाऊस पडतोय हे मला टोरांटोचं आधी कळतं, गुरुग्रामचं छत्री घरी विसरल्यावर.

तर संत्रं. मी मूळची नागपूरची, त्यामुळे पृथ्वी म्हटलं की माझ्या हातात दुसरं काही येत नाही. भिंतीवरच्या नकाशात दिल्लीहून टोरांटोला रेघ ओढलीत तर ती अरबस्तान, अटलांटिक करत पश्चिमेला जाते. पण संत्र्यावर दोरा ताणून धरा. तो पश्चिमेला जातच नाही. वर चढतो, रशियावरून उत्तर ध्रुवाच्या शेजारून जातो आणि पलीकडे कॅनडात उतरतो. हा सगळ्यात जवळचा रस्ता. साडेअकरा हजार किलोमीटर आणि वर थोडे. झालं अंतर.

आता विमान या दोऱ्यावरून जातं का? छे! मी राहते दिल्लीत, मयूर विहारला. तिथून माझं ऑफिस चाळीसेक किलोमीटर. हे अंतर सव्वीस वर्षांत इंचभर वाढलेलं नाही. तरी मी कधी सव्वा तासात पोहोचते, कधी अडीच तासांत, आणि एकदा एका मोठ्या पाहुण्यांची गाड्यांची रांग जायची होती तेव्हा पोहोचलेच नाही. आकाशाचं तसंच आहे. कुठे लढाई, कुठे ज्वालामुखी, कुठे शेजाऱ्यानं रुसून आपलं आकाश बंद केलेलं. सोसायटीचं मागचं फाटक बंद झालं की दूधवाल्याला पुढून वळसा पडतो, तसा विमानाला अख्ख्या देशाचा वळसा पडतो. त्यात वरच्या आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो. येताना तो पाठीवर हात ठेवून ढकलतो, जाताना छातीवर ठेवून अडवतो. म्हणून जायचे तास वेगळे, यायचे वेगळे.

परवा इथल्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात यूपीएससीची तयारी करणारा लातूरकडचा एक मुलगा तिसरी पुरी घेत मला म्हणाला, "मॅडम, भूगोलाप्रमाणे दोन ठिकाणांमधलं अंतर बदलत नसतं."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "भूगोल बदलत नाही. पण परराष्ट्र धोरण बदलतं, आणि तेही तुझ्या पेपरात आहे. पुरी घे अजून."

आमच्या धंद्यात माणूस थोडा बिघडतो, हे कबूल करायला हवं. आम्ही सगळी कामं ग्रीनिचच्या घड्याळावर करतो. जगभरच्या विमानांना एकच घड्याळ हवं, म्हणून. ते आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. माझ्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी केकवाल्याला ऑर्डर देताना सवयीनं वेळ लिहिली साडेतेरा. मला म्हणायचं होतं संध्याकाळचे सात. केकवाला बिचारा दुपारी दीडला आला, जून महिन्यात, घराला कुलूप. केक त्यानं दाराबाहेर ठेवला. संध्याकाळी पाहुण्यांना मी गुलाबी रंगाचं सरबत दिलं.

वैमानिकही एकेक नग. आमचे कॅप्टन भल्ला माझ्या कागदावर सही करण्याआधी नेहमी फोन करायचे, "मैडम, आधा टन और डाल दो, मेरी माँ के नाम." मी घालायची. पुढच्या आठवड्यात, "आधा टन बीवी के नाम." एकदा मी विचारलं, "कॅप्टन, सास के नाम कुछ नहीं?" ते म्हणाले, "सास के नाम से तो निकालना पड़ेगा."

हा विनोद पुढे माझ्यावरच उलटणार होता.

माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई. मूळच्या वर्ध्याच्या. विशीत नर्स होऊन दिल्लीला आल्या आणि हिंदूराव नावाच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात प्रसूती विभागात निवृत्त होईपर्यंत राहिल्या. "अर्ध्या उत्तर दिल्लीची नाळ मी कापली आहे," हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि ते त्या मेट्रोत जागा मिळवायलासुद्धा वापरतात. एकदा आमची गाडी सिग्नल तोडून गेली, चालवत अर्थातच मी होते. हवालदार चलान फाडायला आला. मागच्या सीटवरून आईंनी काच खाली केली आणि विचारलं, "बेटा, तेरा जनम कहाँ का है?"

तो गोंधळला. "जी, हिंदूराव."

"कौन सा साल?"

त्यानं साल सांगितलं. आईंनी त्याला चष्म्यावरून नीट निरखलं. "तो मैंने ही तुझे उलटा पकड़ा होगा. बहुत रोया था तू." हवालदारानं चलान खिशात घातलं आणि वाकून नमस्कार केला.

अशा या बाईंची लेक, माझी नणंद वैशाली, टोरांटोला असते. तिला दिवस गेले होते. पहिल्या खेपेला सहाव्या महिन्यात सगळं संपलं होतं, आणि तेव्हा व्हिसा वेळेवर न आल्यामुळे आई जाऊ शकल्या नव्हत्या. हजारो परक्या बायांच्या उशाशी उभी राहिलेली बाई, स्वतःची लेक रडत होती तेव्हा मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये फोन धरून बसली होती. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. या खेपेला मात्र व्हिसा चार महिने आधी काढून ठेवला होता आणि म्हणाल्या होत्या, "ज्योती, या वेळी मी तिथे असणार. बाकी मला काही माहीत नाही."

तारखेला आठ दिवस होते. मी म्हटलं, आई, माझ्या स्टाफ तिकिटावर चला ना! इथं एक रीत सांगायला हवी. विमान कंपनीत काम करणाऱ्यांच्या घरच्यांना नाममात्र दरात तिकीट मिळतं, पण एका अटीवर. सीट रिकामी राहिली तर बसा. आणि वजन जास्त झालं तर सगळ्यात आधी तुम्ही उतरा. त्या दिवशीच्या विमानात बारा सीटा रिकाम्या होत्या. बारा! मी घरात अशा थाटात सांगितलं, जणू बाराही मीच बांधून आणल्या होत्या.

आणि मग मी दुसरा मूर्खपणा केला. ड्यूटीवर गेले तर ते दुपारचं टोरांटोचं विमान माझ्याच टेबलावर आलं होतं. शेजारी राघव बसतो, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, हुशार, रोहतकचा. तो म्हणाला, "दीदी, आंटी जा रही हैं न? लाओ, ये वाली मैं कर देता हूँ." घरचं माणूस ज्या विमानात आहे ते दुसऱ्याला द्यावं, एवढी अक्कल पोराला होती. मी म्हटलं, "बिल्कुल नहीं. माझ्या सासूला मी माझ्या हातानं पाठवणार." हौस, दुसरं काय!

अकराच्या सुमाराला सूचना आली. वाटेतल्या आणखी एका देशानं आकाशाचा एक तुकडा बंद केला. वळसा आणखी लांबला. वारा समोरून. आणि दिल्लीत चव्वेचाळीस डिग्री. गरम हवा विरळ असते, विमानाला तिच्यावर नीट टेकता येत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी विमान उचलू शकेल ते वजनच कमी होतं. म्हणजे एकीकडे इंधन जास्त हवं, दुसरीकडे एकूण वजन कमी हवं. मध्ये काय उरतं? माल आणि माणसं.

मी आधी आंबे उतरवले. कॅनडाच्या मराठी-गुजराती मंडळींचे पेट्यांमागून पेट्या आंबे. त्यांचे शाप मला लागले असतील. आंबे जाऊनही थोडं कमी पडत होतं. मग स्टाफ तिकिटवाले. सहा जण होते. कॉम्प्युटर म्हणत होता, सहाही उतरवा.

पण यात एक खोच होती. कायद्याला लागतं तेवढं इंधन मी घातलं होतं, आणि त्यावर एक टन मी माझ्या मनानं जास्त घातलं होतं, कारण टोरांटोला संध्याकाळी वादळाची शक्यता होती. वादळ असलं की विमानाला उतरण्याआधी घिरट्या घालत थांबावं लागतं. तो एक टन कुठल्या नियमात नव्हता. तो माझा होता. तो काढला असता तर सहाही जण बसले असते.

राघवनं माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघितली. हळूच म्हणाला, "दीदी, कानून तो पूरा है. वो एक टन निकाल दो. आंटी बैठ जाएँगी."

"आणि वादळ आलं तर?"

"शायद नहीं आएगा."

मला हेच "शायद" एकदा नडलं होतं. काही वर्षांपूर्वी अशाच अंदाजावर मी हात आखडता घेतला. विमानाला घिरट्या घालायला इंधन पुरलं नाही, ते दुसऱ्याच गावी उतरवावं लागलं. कुणाला खरचटलंही नाही. तीनशे माणसं पाच तास धावपट्टीच्या कडेला विमानात बसून राहिली, एवढंच. पण उतरायचा निर्णय घेताना वैमानिक रेडिओवर माझ्याशी जे चार शब्द बोलला, ते फार शांतपणे बोलला. भल्लांसारखी थट्टा नाही, काही नाही. तो शांत आवाज मला अजून ऐकू येतो.

त्या दिवशी कॅप्टन भल्लाच होते. मी फोन केला. सगळं सांगितलं, सासूबाईंसकट. ते म्हणाले, "मैडम, मैं दोनों कागज़ पर साइन कर दूँगा. आप बताओ."

हे तर फारच वाईट झालं. ते भांडले असते तर त्यांच्यावर ढकलता आलं असतं.

मी एक टन ठेवला आणि सही केली.

दहा मिनिटांत विलासरावांचा फोन. ते आईंना सोडायला विमानतळावर गेले होते. सरकारी माणूस आहे, आवाज कधी चढत नाही, पण त्या दिवशी चढला होता. "अगं, आईचं नाव कापलंय! कुणी कापलं ते तरी विचार ना तुमच्या ऑफिसात!"

"मी कापलं."

पलीकडे विमानतळावरच्या घोषणा ऐकू येत होत्या. मग आईंचा आवाज, "दे इकडे तो फोन." आणि मग, "ज्योती, मला उतरवलंस?"

"उतरवलं नाही, आई. अजून बसला नव्हता तुम्ही."

"माझं वजन जास्त झालं?"

"तुमचं नाही, इंधनाचं."

"मग लाडू काढते. अळिवाचेच अडीच किलो आहेत."

"आई, एक हजार किलो आहे."

"एवढे लाडू मी केले नाहीत," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

घरी गेले तेव्हा दोन्ही बॅगा बैठकीच्या मधोमध उभ्या होत्या, मला ओलांडूनच आत जावं लागेल अशा बेतानं. आई स्वयंपाकघरात होत्या. माझ्यासाठी ताट वाढून ठेवलं होतं, त्यात वरण, भात, भाजी, सगळं. फक्त लाडू नव्हता. सव्वीस वर्षांत त्या घरात गोड शिजलं आणि मला मिळालं नाही, असं ते एकदाच घडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसातून निरोप आला. विमान टोरांटोला वेळेत उतरलं होतं. वादळ आलंच नाही. ते तलावाच्या वरच्या अंगानं निघून गेलं होतं. कॅप्टन भल्लांनी माझ्यासाठी एक ओळ लिहिली होती, "सब बच गया, मैडम." माझा एक टन जसाच्या तसा, थेंबही न सांडता, टोरांटोला पोहोचला होता. इंधनाला व्हिसा लागत नाही.

त्याच दुपारी आम्ही आईंना दुसऱ्या कंपनीच्या विमानानं, रीतसर तिकिटावर, युरोपात विमान बदलून रवाना केलं. निघताना त्यांनी विलासरावांच्या डोक्यावर हात ठेवला. मला म्हणाल्या, "गॅस बंद केलाय का बघ."

बाळांना तारखा पाळायची सवय नसते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार! वैशालीला आठवडाभर आधीच कळा आल्या. मुलगी झाली. दोघी सुखरूप. आई टोरांटोला उतरल्या तेव्हा जावई मोबाइलवरचा फोटो पुढे धरून उभा होता.

तीन आठवडे त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. फोन विलासरावांना यायचा, भंतेजींना बोलावून झालेल्या नामकरणाचे फोटो विलासरावांना यायचे, आणि मी मागून मान लांब करून बघायची. मग एका रविवारी फोन वाजला तो माझा.

"ज्योती, एक काढून देशील? तुला येतं ते."

"बोला ना, आई."

"ती झाली तेव्हा मी कुठे होते?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी जन्माची वेळ विचारली, त्यांनी मिनिटासकट सांगितली. जन्मभर तेच लिहीत आल्या होत्या. मी त्यांच्या विमानाची वाट काढली, वारा काढला, वेळ ग्रीनिचला नेऊन ठेवली. असलं गणित मी रोज करते. त्या दिवशी तीनदा तपासलं.

"ग्रीनलँडचं दक्षिण टोक," मी म्हटलं. "खाली नुसता बर्फ. टोरांटो तिथून तीन हजार किलोमीटर. साडेतीन तास बाकी होते."

"हं. आणि तुझ्या विमानात बसले असते तर?"

खोटं बोलता आलं असतं. थोडं इकडे, थोडं तिकडे, त्यांना काय कळणार होतं? "तर आदल्या रात्रीच तिच्या उशाशी असता."

"आणि तुझं ते इंधन?"

"सगळं उरलं, आई."

पलीकडे बाळ कुरकुरत होतं. आई त्याला थोपटत असाव्यात, कारण त्यांचा आवाज त्या तालात यायला लागला. "आमच्याकडे अवघड बाई आली की मी रक्ताच्या दोन बाटल्या आधीच मागवून ठेवायची. बहुतेक वेळा लागायच्या नाहीत. मग मोठे डॉक्टर ओरडायचे, सिस्टर, क्यों मँगवाया फालतू में?"

माझा जीव भांड्यात पडू लागला. "म्हणजे तुम्हाला समजतंय ना, आई?"

"समजतंय. समजलं म्हणजे माफ केलं असं नाही." आणि मग, "तुझ्यासाठी लाडू फ्रीजरच्या खालच्या खणात आहेत. कधीचे आहेत. खाल्ले नाहीस ना?"

मला माहीतच नव्हतं. तीन आठवडे लाडू माझ्या हाताच्या अंतरावर होते.

परत आल्यापासून आई सकाळी फिरायला येणाऱ्या सगळ्या बायांना सांगतात, "नात झाली तेव्हा मी ग्रीनलँडवर होते. सुनेची कृपा." ग्रीनलँड हे नाव त्या असं उच्चारतात, जणू तिथे त्यांची बदली झाली होती. मी बाजूला असले तर मला हाक मारून साडेतीन तासांचा आकडा माझ्याच तोंडून वदवून घेतात. मी सांगते. दर वेळी सांगताना वाटतं की त्यांना बसवायला हवं होतं, आणि दर वेळी मला हेही माहीत असतं की तोच कागद उद्या टेबलावर आला तर मी तो टन पुन्हा घालीन. हे दोन्ही एकाच पोटात कसं राहतं, ते मला विचारू नका. मला फक्त विमानाच्या पोटाचं कळतं.

या जूनमध्ये त्या पुन्हा निघाल्या, नातीच्या वाढदिवसाला. स्टाफ तिकिटाचं मी विचारलं तर त्यांनी पासबुक पुढे केलं. पूर्ण तिकीट काढलं, खिडकीची सीट, कुणाच्या बापाला उतरवता येणार नाही असं. मला मात्र त्यांनी सांगितलं नाही की विमान आमच्याच कंपनीचं घेतलं आहे. ते मला ड्यूटीवर यादी उघडल्यावर कळलं. राघवनं हात पुढे केला. या वेळी मी ते विमान त्याला देणार, इतक्यात फोन वाजला.

"ज्योती, मी विमानतळावर पोहोचले. हे विमान तुझ्याकडेच आहे का गं?"

"तुम्ही म्हणत असाल तर राघवला देते, आई."

"राघव म्हणजे तो 'शायद'वाला ना? नको. तूच कर." मग आवाज थोडा खाली आला. "वैशाली म्हणत होती, तिकडे संध्याकाळी वादळ आहे."

"आहे."

"मग इंधन भरपूर घाल," आई म्हणाल्या. "आज दुसऱ्या कुणाची तरी सासू उतरव."